बारा माग आणि एक प्यादं

“कुणीतरी चोरी केलीय, अण्णा. बारा माग होते यात. मी स्वतः ठेवले होते. आता एकही नाही. मग गेले कुठे?”

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“यात म्हणजे कशात?”

सुमेधनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि त्याच्या झाकणावर बोट आपटलं.

“यात.”

इचलकरंजीतल्या एका जुन्या वाचनालयाचा वरचा मजला. दुपारचे तीन वाजले होते. दोन लांब टेबलं, बुद्धिबळाचे सहा पट, आणि भिंतीवर एक घड्याळ. मुलं शाळेतून सुटून यायला अजून दोन तास होते.

अण्णा म्हणजे बाबगोंडा मगदूम. वय एक्क्याऐंशी. चाळीस वर्षं ते याच टेबलावर मुलांना बुद्धिबळ शिकवत आले होते. त्यांना कुणी गुरुजी म्हटलं तर ते मागं वळून बघायचे, कुणाला हाक मारतोय म्हणून.

सुमेध म्हेत्रे त्यांचाच विद्यार्थी. पंधरा वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिला आलेला. सोळाव्या वर्षी “अण्णा, तुमचा खेळ जुना झाला” असं तोंडावर सांगून गेला, तो नऊ वर्षांनी आज जिना चढून आला होता.

अण्णांनी नऊ वर्षांबद्दल काही विचारलं नाही.

“बस,” एवढंच म्हणाले.

सुमेध बसला नाही.

“तुम्हाला माहीत आहे ना, बाबांचा कारखाना बंद झाला?”

“कळलं.”

“फेब्रुवारीत. बारा माग. विकायच्या आदल्या दिवशी मी माईक घेऊन गेलो होतो. दिवसभर बसून एकेका मागाचा आवाज रेकॉर्ड केला. मल्लाप्पाकाका होते बरोबर. ते खिशातून सुताची कांडी काढून मागाच्या धोट्यात भरायचे, माग चालू करायचे. कांडी संपली की माग आपोआप थांबायचा. मग पुढचा. असे बारा.”

“आणि मग?”

“दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा गॅसकटर आला.”

खोलीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस ओल्या फडक्यानं टेबल पुसत होता. हाच मल्लाप्पा. म्हेत्र्यांच्या कारखान्यात त्यानं बावीस वर्षं माग चालवले. कारखाना बंद झाल्यावर अण्णांनी त्याला इथं शिपाई म्हणून लावून घेतलं. मागांच्या खडखडाटात त्याचे कान गेले होते. मघाशी जिन्यात सुमेधनं त्याला “कसे आहात, काका?” असं विचारलं, तेव्हा तो “पाणी वर ठेवलंय” असं मोठ्यानं सांगून पुढे गेला होता.

“त्या आवाजांचं मी गाणं केलं,” सुमेध म्हणाला. “सहा मिनिटांचं. एकही वाद्य नाही. नुसते माग. ठोका मागाचा, बेस मागाचा, सूरसुद्धा मागाच्याच मोटरचा. बेंगळुरूला एक महोत्सव आहे. देशभरातून आठजण घेतात. त्यांनी माझे आधीचे दोन ट्रॅक ऐकले, तिसरा मागवलाय. आज पाचपर्यंत.”

“मग पाठव की.”

“काल बाबांना ऐकवलं.”

सुमेधनं खिडकीबाहेर बघितलं.

“हेडफोन लावून पूर्ण सहा मिनिटं ऐकलं त्यांनी. डोळे मिटून. मग हेडफोन काढला, नीट गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, छान आहे. …मग म्हणाले, कशाचं आहे?”

अण्णांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं.

“तीस वर्षं त्या मागांच्या मधे उभा राहिलेला माणूस, अण्णा! कशाचं आहे, म्हणतो!”

“तू काय सांगितलंस?”

“…असंच आहे, म्हणालो.”

अण्णांनी बाजूची खुर्ची पायानं थोडी पुढं सरकवली. या वेळी सुमेध बसला.

“लाव बघू,” ते म्हणाले.

सुमेधनं पिशवीतून एक छोटा काळा स्पीकर काढला, टेबलावर ठेवला आणि गाणं सुरू केलं.

ते चांगलं होतं. हे लिहायलाच हवं. आधी खालून एक खोल ठोका आला, मग त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक अगदी आपापल्या जागेवर. कुणी कुणाच्या पायावर पाय दिला नाही. दुसऱ्या मिनिटाला टेबलावरचा पेला हलू लागला.

मल्लाप्पा पुसता पुसता त्यांच्या टेबलापर्यंत आला. फडकं फिरवण्यासाठी त्यानं टेबलावर हात टेकला आणि तसाच थांबला. तळवा लाकडावर दाबून धरला. कपाळाला आठी घातली.

“खालचा पंप चालू ऱ्हायला काय की!” तो ओरडला, आणि फडकं तिथंच टाकून पंप बंद करायला जिना उतरून गेला.

सुमेधनं गाणं बंद केलं.



“मी चुकलेलो नाही,” सुमेध म्हणाला. त्याचा आवाज वर चढला होता. “हे बघा. पडद्यावर ही जाळी दिसते ना? प्रत्येक ठोक्याची जागा या रेषेवर असते. माग जुने होते. कुणी ठोक्याच्या आधी पडायचा, कुणी नंतर. एक बटण दाबलं की ठोका जवळच्या रेषेवर जाऊन बसतो. जे बटणानं बसले नाहीत ते मी हातानं बसवले. आवाज कुठं कमी-जास्त होत होता, तो सारखा केला. ठोक्यांमागची मोटरची घरघर काढली. मागं काका खोकले होते, तेही काढलं. चार महिने, अण्णा. रोज दहा तास. एक चूक ठेवली नाही.”

“एकपण नाही?”

“एकपण नाही.”

“हं.”

“आणि हे मी तुमच्याकडूनच शिकलोय.”

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

“माझ्याकडून? मला तर रेडिओचं बटण सापडत नाही.”

“बुद्धिबळच आहे हे! मी कॉलेजात सगळ्यांना हेच सांगायचो. आधी मध्य धरायचा. इथं तो बेसनं धरतात. मग एकेक मोहरा बाहेर काढायचा. सगळे आवाज एकदम आणले की पटावर गर्दी होते, ताकद जाते. वजीर लवकर काढायचा नाही. मुख्य सूर दोन मिनिटं लपवून ठेवायचा. चौथ्या मिनिटाला हल्ला. मग शेवटाकडे मोहरे कमी करत न्यायचे. तुम्ही म्हणायचात ना, प्रत्येक खेळीला कारण पाहिजे? यातल्या कुठल्याही सेकंदावर बोट ठेवा. मी कारण सांगतो.”

अण्णांनी बोट ठेवलं नाही.

“समोर कोण बसतं?” त्यांनी विचारलं.

“कुठं?”

“तू म्हणतोस हा डाव आहे. मग समोर कोणतरी पाहिजे.”

“…ऐकणारा. ऐकणारा बसतो.”

“तो काय खेळतो?”

“तो खेळत नाही. ऐकतो. त्याला पळायला जागाच ठेवायची नसते. हीच तर कला आहे.”

“त्याच्याकडे मोहरे किती?”

सुमेध हसला.

“एकही नाही.”

अण्णा उठले. कपाटातून एक लाकडी पेटी काढून आणली. सोंगट्यांचा रंग गेला होता, आणि एका उंटाचं डोकं दोऱ्यानं बांधलं होतं. पट त्यांनी दोघांच्या मधे उलगडला.

“लाव.”

“अण्णा, पाचला पाठवायचंय.”

“सव्वातीन झालेत. लाव. देशी खेळू.”

देशी म्हणजे आपल्याकडचं जुनं बुद्धिबळ. प्यादं पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर चालतं. किल्लेकोट नाही. घड्याळ नाही. अण्णा नव्या मुलांना आधी हेच शिकवायचे आणि मग स्पर्धेचे नियम सांगायचे. सुमेधनं देशी डाव शेवटचा खेळला तेव्हा त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते.

तो भराभर खेळला. हात पुढे, हात मागे. अण्णा नेहमीसारखे सावकाश. विसाव्या खेळीला अण्णांचा वजीर पडला. मग एक हत्ती. मग दोन्ही घोडे. सुमेधच्या चेहऱ्यावर, या दुपारी पहिल्यांदाच, थोडं समाधान दिसलं. पटाच्या कडेला त्यानं मारलेले मोहरे ओळीनं उभे केले. ओळ अगदी सरळ होती.

शेवटी अण्णांकडे राजा आणि एक प्यादं उरलं. सुमेधकडे जवळजवळ सगळं सैन्य.

प्यादं त्याच्या उंटाच्या टप्प्यात होतं.

त्यानं ते उचललं आणि ओळीत नेऊन ठेवलं.

“बुर्जी,” अण्णा म्हणाले, आणि सोंगट्या गोळा करायला लागले.

“काय?”

“बुर्जी झाली. समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव संपला. कुणी जिंकलं नाही. विसरलास?”

सुमेध पटाकडे बघत राहिला. त्याला आठवलं. आठवल्यावर आणखी राग आला.

“पण तुमच्याकडे काहीच उरलं नव्हतं!”

“म्हणून तर.”

“दोन खेळ्यांत मात दिली असती मी!”

“मग दिली का नाहीस?”

“…प्यादं समोर होतं. मारता येत होतं. मारलं.”

“हं.”

“हा कसला नियम आहे, अण्णा? सगळं हरलेल्या माणसाला बरोबरी?”

“हरलो कुठं?” अण्णांनी आपला राजा हातात घेऊन धोतराच्या टोकानं पुसला. “माझ्याकडे काहीतरी असतं तर हरलो असतो.”

मल्लाप्पा चहाचे दोन पेले घेऊन आला. “पंप बंदच हाय!” त्यानं बजावलं. “पर टेबल हलत हुतं. मी काय खुळा न्हाई!” पेले ठेवले, पटाकडे वाकून बघितलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला.

“पुन्हा लाव,” सुमेध म्हणाला.

आता लाव म्हणणारा तो होता.

दुसऱ्या डावात त्यानं शेवटचं प्यादं मारलं नाही. पण त्याच्याकडे बघितलंही नाही. ते हत्तीच्या ओळीतलं एक किरकोळ प्यादं होतं. तो राजाच्या मागं लागला, जाळं विणत राहिला, आणि प्यादं घर-घर करत पुढे गेलं. शेवटच्या घरात पोचल्यावर, ते घर हत्तीचं म्हणून, अण्णांनी ते काढून देशी नियमानं तिथं हत्ती ठेवला. दोन खेळ्यांनी त्या हत्तीनं सुमेधचा मोकळा पडलेला वजीर घेतला. पुढं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाकडून मात खाऊन खुर्चीत मागं रेलला.

“मारलं तर बुर्जी. सोडलं तर हे.” त्यानं चहा एका घोटात संपवला. चहा केव्हाच गार झाला होता. “मग करायचं काय त्या प्याद्याचं?”

अण्णा पेटीतून प्यादी काढून एकेक घरात ठेवायला लागले.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिसरा डाव हळू चालला. सुमेधचा हात सोंगटीवर जायचा आणि परत यायचा. मोहरे कमी होत गेले. शेवटाला अण्णांचं एकच प्यादं उरलं, पटाच्या अगदी कडेला. आता सुमेधला काही करण्याआधी त्याच्याकडे बघावं लागत होतं. आपला हत्ती हलवला तर ते कुठं जाईल. आपला राजा पुढे आला तर ते थांबेल का. एकदा त्याचाच घोडा अशा घरात आला, की घोडा वाचवायचा तर प्याद्याला मारण्यावाचून दुसरी वाट नव्हती. तो पाच मिनिटं डोकं धरून बसला, आणि शेवटी त्यानं घोडाच बळी दिला.

“प्याद्यासाठी घोडा?” अण्णा म्हणाले. “महाग पडलं की रे.”

“गप्प बसा, अण्णा. विचार करतोय.”

अण्णा गप्प बसले. त्यांना मजा वाटत होती.

आणि मग ते झालं. अण्णांचा राजा पटाच्या कडेला आला होता. मागची सगळी ओळ सुमेधच्या एका हत्तीनं धरली होती. तिरकं घर सुमेधच्या राजानं धरलं होतं. दुसऱ्या हत्तीनं आडवा शह दिला. राजाला पुढं एक घर होतं.

तिथं अण्णांचंच प्यादं उभं होतं.

सुमेधनं पुन्हा पुन्हा बघितलं. बोटानं घरं मोजली.

“मात,” तो म्हणाला. पण प्रश्न विचारावा तसा.

“मात.” अण्णांनी राजा आडवा केला. “कुणी दिली?”

“मी… म्हणजे हत्तीनं.” तो थांबला. प्याद्याकडे बघितलं. “…यानं.”

अण्णा उठून खिडकीशी गेले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. रस्त्यापलीकडे एका कारखान्याचं शटर बंद होतं. त्या वर्षी तशी पुष्कळ शटरं बंद होती. आम्ही गावातले लोक त्यांच्यासमोरून रोज जात होतो, आणि आवाज थांबलाय हे आमच्यातल्या कुणाला ऐकू आलं नव्हतं.

सुमेधनं लॅपटॉप उघडला. चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मूळ रेकॉर्डिंग तशीच पडून होती. एक ते बारा नंबर घातलेली. त्यानं गाणं उघडलं आणि जाळीकडे बघितलं.

“सगळे मोकळे सोडले तर नुसता गोंधळ होईल,” तो म्हणाला.

अण्णांनी मान वळवली नाही.

“कारखान्यात उभं राहिल्यासारखं. कुणी ऐकणार नाही ते.”

…

“एकच सोडतो,” तो म्हणाला.

“कुठला?”

“सात.”

“का?”

“तो सगळ्यांत वाईट होता. चारशे ठिकाणी सरळ करावा लागला मला. कधी लवकर पडतो, कधी उशिरा. शेवटी शेवटी तर त्याचा आवाज हलकाच होत जातो, मग माग थांबतो. मी तो हलका भाग सारखा करून घेतला होता. शेवट कापून टाकला होता.”

“मग?”

“मग काही नाही. मूळचा ठेवतो, शेवटासकट. बाकीचे अकरा त्याच्या भोवती बसवतो. बसतील असं नाही.”

“बघ.”

बसले नाहीत. पहिल्यांदा सात नंबर सगळ्यांत मिसळून हरवला. सुमेधनं इतर मागांचा आवाज कमी केला. मग सात नंबर एकटाच ओरडायला लागला. मग तो एकेक मागाला थोडं थोडं सरकवत गेला. आता तो रेषा बघत नव्हता. सात नंबरकडे बघून दोन मागांना मागं ठेवत होता, एकाला थांबवत होता. चौथ्या मिनिटाचा हल्ला त्यानं पुसून टाकला. जिथं चार आवाज होते तिथं दोन ठेवले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. मघाशी पटावर पुटपुटत होता तसंच.

घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

त्यानं हात वर घेतले.

“अण्णा, ऐका. हे बरोबर आहे का सांगा. गाणं सहा मिनिटांचं. पाठवायला निदान पाच मिनिटं लागतात. पूर्ण ऐकायला वेळ नाही. मधला भाग ऐकवतो. फक्त सांगा, माग आहेत का यात?”

अण्णा खिडकीपासून वळले.

“माझे कान चांगले आहेत. मला काय विचारतोस?” त्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात केला. “त्याचे गेलेत. त्याला ऐकव. पहिल्यापासून.”

“अण्णा, दहा मिनिटं आहेत!”

अण्णा पुन्हा खिडकीकडे वळले.

सुमेधनं घड्याळाकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. पाठवायचं बटण तिथंच होतं. आधीचं गाणंही तिथंच होतं. निर्दोष, तयार.

मग तो उठला आणि मल्लाप्पाच्या खांद्याला हात लावला.

“काका, जरा टेबलाजवळ या.”

“पाणी?”

“पाणी नको. या.”

मल्लाप्पा आला. सुमेधनं त्याचा हात धरला, टेबलावर ठेवला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.

मल्लाप्पा आधी टेबलाकडे बघत राहिला, मग सुमेधकडे, मग पुन्हा टेबलाकडे. या पोरानं आपल्याला कशाला उभं केलंय ते त्याला कळत नव्हतं. पहिलं मिनिट गेलं. पेला हलू लागला, पण मघासारखा एकसारखा नाही. अडखळत, थांबत, पुन्हा.

दुसऱ्या मिनिटाला मल्लाप्पानं दुसरा हातही टेबलावर ठेवला.

तिसऱ्या मिनिटाला त्याचे पाय थोडे फाकले. एक पाय पुढे, एक मागे. दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहायची ती रीत होती. सुमेधनं ती लहानपणापासून बघितली होती.

घड्याळाकडे आता कुणी बघत नव्हतं.

पाचव्या मिनिटाला बाकीचे माग एकेक करून बाहेर पडले. एकटा सात नंबर उरला. त्याचा ठोका एकदा लवकर पडला, एकदा उशिरा. मग आवाज थोडा हलका झाला. मग आणखी थोडा.

मल्लाप्पाचा उजवा हात टेबलावरून उठला आणि शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तो हात तसाच खिशावर राहिला. मग त्यानं मान वर केली आणि कारखान्यात ओरडायचा तसा, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला,

“सात नंबर! कांडी संपत आलीया त्याची, बघा की कुणीतरी!”